पटावरील नकाशा आणि पटाभोवतीचा आवाज

आज ज्या विषयावर मी बोलणार आहें तो प्रथमदर्शनीं केवळ करमणुकीचा वाटण्याचा संभव आहे. पांचसहा मित्र निरनिराळ्या गांवीं, क्वचित् निरनिराळ्या खंडांत बसलेले आहेत; प्रत्येकापुढें एक संगणक किंवा मोबाइल आहे; आणि इंटरनेटच्या आधारानें ते सर्वजण मिळून एक कथा रचीत आहेत. या खेळास इंग्रजींत टेबलटॉप रोलप्लेइंग गेम असें म्हणतात. आपण त्यास भूमिका-खेळ म्हणूं. हा खेळ दूरदूर बसून खेळणाऱ्या मंडळींकडून दोन तक्रारी नित्य ऐकूं येतात. नकाशा उघडावयास फार वेळ लागतो, ही पहिली. आणि आवाज तुटतो, ही दुसरी. त्यांचें मूळ कोठें आहे व त्यांवर उपाय काय, याचा विचार आज करावयाचा आहे. माझें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. या दोन तक्रारी दिसावयास वेगळ्या असल्या तरी पुष्कळ वेळां तीं एकाच दुखण्याचीं दोन लक्षणें असतात. आणि त्याचा इलाज करतांना आवाजाला पहिला मान व नकाशाला दुसरा, हा क्रम सुटतां कामा नये.

हा खेळ ज्यांना अपरिचित असेल त्यांच्यासाठीं त्याची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. अमेरिकेंत १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या नांवाचा खेळ प्रसिद्ध केला. टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा नाद तेथें पूर्वींपासून होता. या नव्या खेळांत फरक असा कीं, प्रत्येक खेळाडूनें सैन्य न चालवितां एकच पात्र चालवावयाचें. कोणी योद्धा होतो, कोणी जादूगार होतो, कोणी चोर होतो. एकजण मात्र पात्र न घेतां सूत्रधार होतो. तो प्रसंगाचें वर्णन करतो, खेळाडू आपापलीं पात्रें काय करतात तें सांगतात, आणि जेथें यशापयश अनिश्चित असेल तेथें फांसे टाकले जातात. हे फांसे सहा बाजूंचेच नसतात. चार, आठ, बारा व वीस बाजूंचेहि असतात. या खेळांत जिंकणें-हरणें असें नसतें. चांगली कथा झाली म्हणजे खेळ चांगला झाला.

आतां आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पाहा. आरंभींच्या काळांत नकाशा सूत्रधाराजवळ झांकलेला असे. "पुढें तीस फूट भुयार आहे, नंतर तें डावीकडे वळतें, वळणावर एक बंद दार आहे" असें तो तोंडानें सांगे. आणि खेळाडूंपैकीं एकजण चौकटींच्या कागदावर ऐकल्याप्रमाणें रेघा ओढीत जाई. त्याची रेघ चुकली म्हणजे सगळी मंडळी त्या भुयारांत वाट चुकत, आणि त्यांतहि गंमत असे. म्हणजे या खेळांत नकाशा हा बोलण्यांतून जन्माला येत होता. बोलणें ही मूळ वस्तु आणि नकाशा ही त्या बोलण्याची टिपणी, असा तो संबंध होता. आपणां रेडिओच्या श्रोत्यांना हें समजावून सांगण्याची फारशी गरज नाहीं. श्रुतिका ऐकतांना वाडा, अंगण, पाऊस हें सारें केवळ आवाजाच्या बळावर आपल्या मनांत उभें राहतें, हा आपला रोजचाच अनुभव आहे.

पुढें हा खेळ संगणकावर आला. 'फँटसी ग्राउंड्स' हा कार्यक्रम २००४ सालीं निघाला. इंटरनेटच्या ब्राउझरमध्येंच चालणारा 'रोल-ट्वेंटी' हा पट २०१२ सालीं निघाला. आणि सूत्रधाराला स्वतःच्या संगणकावर चालवितां येणारा 'फाउंड्री' हा पट २०२० सालीं सर्वांस खुला झाला. बोलण्यासाठीं कांहीं मंडळी पटांतीलच सोय वापरतात, तर कांहीं २०१५ सालीं निघालेल्या 'डिस्कॉर्ड'सारख्या स्वतंत्र साधनाचा आश्रय करतात. २०२० च्या साथींत घराबाहेर पडणें बंद झालें, तेव्हां एका टेबलाभोवती बसून खेळणारे असंख्य लोक या पटांकडे वळले. टेबल गेलें तरी खेळ राहिला, ही केवढी सोय झाली! परंतु या सोयीबरोबरच नकाशाचें स्वरूप पालटलें. तो आतां झांकलेला कागद राहिला नाहीं. तो रंगीत, सुशोभित, सावल्या-प्रकाशानें नटलेला असा सर्वांच्या पडद्यावर एकदम येऊं लागला. आणि येथेंच आपल्या पहिल्या तक्रारीचा उगम आहे.

नकाशा म्हणजे शेवटीं एक चित्र, आणि संगणकावरील चित्र हें बारीक रंगीत ठिपक्यांचें बनलेलें असतें. या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. पटावर चौकटी आंखलेल्या असतात, आणि एक चौकट म्हणजे कथेंतील पांच फूट असा सर्वसाधारण रिवाज आहे. रुंदींत ४० व उंचींत ३० चौकटी असलेला एक नकाशा आपण उदाहरणासाठीं घेऊं. रोल-ट्वेंटीच्या पटावर एका चौकटीची बाजू मुळांत ७० ठिपक्यांची धरलेली आहे. त्या मापानें हा नकाशा २,८०० गुणिले २,१००, म्हणजे सुमारें ५९ लक्ष ठिपक्यांचा झाला. उघडलेल्या चित्रांतील प्रत्येक ठिपक्यास संगणकाच्या स्मृतींत साधारणतः चार बाइट जागा लागते. तेव्हां एकूण जागा सुमारें २४ मेगाबाइट. आजच्या कोणत्याहि यंत्रास हें ओझें जड नाहीं.

परंतु तोच नकाशा चित्रकारानें छपाईसाठीं काढलेला असेल तर काय होतें तें पाहा. छापील नकाशांत एक चौकट एक इंचाची धरतात, आणि चांगल्या छपाईसाठीं दर इंचास ३०० ठिपके लागतात. या मापानें आपला नकाशा १२,००० गुणिले ९,०००, म्हणजे १० कोटी ८० लक्ष ठिपक्यांचा होतो, आणि स्मृतींत तो ४३२ मेगाबाइट जागा अडवितो. नकाशा तोच, खोल्या त्याच, दारें तींच. ओझें मात्र अठरापट! आणि एवढें ओझें वाहून पदरांत काय पडतें? नेहमींचा संगणकाचा पडदा १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे अवघ्या २१ लक्ष ठिपक्यांचा असतो. त्याच्या पलीकडचा बारकावा, चित्र पुष्कळ मोठें करून पाहिल्याखेरीज, डोळ्यांस दिसूंच शकत नाहीं. नाकापेक्षां मोती जड म्हणतात तो प्रकार याहून निराळा नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चित्राला दोन वजनें असतात. एक वाटेवरचें, म्हणजे फाइलचें. आणि दुसरें घरांत आल्यावरचें, म्हणजे स्मृतींतलें. घडी घातलेली सतरंजी कोपऱ्यांत मावते, परंतु अंथरली म्हणजे सगळी खोली व्यापते, तसेंच हें आहे. पुष्कळ सूत्रधार फाइल दाबून लहान करतात आणि काम झालें असें समजतात. त्यायोगें नकाशा लौकर पोंचतो हें खरें. पण पोंचल्यावर तो अंथरला जातो तेव्हां ठिपके जेवढे होते तेवढेच असतात, आणि जुन्या मोबाइलवर खेळणाऱ्या गड्याचा पट मधेंच बंद पडतो. यासाठीं उपाय दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. पहिल्यानें ठिपके कमी करावे: दर चौकटीस ७० ते १०० ठिपके बहुधा पुरेसे होतात. त्यानंतर घडी नीट घालावी. 'पी-एन-जी' या प्रकारांत चित्राचा एकहि ठिपका बदलत नाहीं, म्हणून रंगविलेल्या नकाशाची फाइल फार मोठी होते. 'जे-पेग' किंवा त्यानंतर २०१० सालीं निघालेला 'वेब-पी' या प्रकारांत डोळ्यांस न जाणवणारा बारकावा सोडून दिला जातो, आणि फाइल पुष्कळदां आठव्या-दहाव्या हिश्श्यावर येते. सोंगट्यांच्या चित्रांसहि हाच नियम लागू आहे. एका चौकटींत बसणाऱ्या सोंगटीसाठीं भिंतीवर टांगण्याएवढें चित्र घेण्यांत कांहीं अर्थ नाहीं.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी आहेत त्या थोडक्यांत सांगतों. किल्ल्याचे पांच मजले एकाच पानावर शेजारीशेजारी मांडूं नयेत. प्रत्येक मजल्यास निराळें पान करावें, म्हणजे ज्या मजल्यावर पात्रें आहेत तेवढाच उघडावा लागतो. नकाशावर हलणारें पाणी किंवा पेटती शेकोटी दाखविणारें चलच्चित्र हौसेनें वापरूं नये. आणि पात्राला जेवढें दिसेल तेवढेंच पडद्यावर उजळावें अशी जी प्रकाशाची योजना असते, तींत भिंती आंखतांना हातानें वेड्यावांकड्या रेघा ओढूं नयेत. अशी एक रेघ संगणकाच्या दृष्टीनें शेंकडों तुकड्यांची होते, आणि सोंगटी एक घर सरकली कीं त्या प्रत्येक तुकड्याचा हिशेब त्यास नव्यानें करावा लागतो. सरळ भिंतीस सरळ एकच रेघ पुरे.

आतां वाटेचा विचार करूं. कारण नकाशाची व आवाजाची गांठ पडते ती वाटेवर. फाउंड्रीसारखा पट सूत्रधार स्वतःच्या घरच्या संगणकावरून चालवीत असेल, तर नकाशा त्याच्या घरांतून बाहेर पडून प्रत्येक खेळाडूकडे स्वतंत्रपणें जातो. नकाशा २० मेगाबाइटचा व खेळाडू पांच असतील तर १०० मेगाबाइट, म्हणजे ८०० मेगाबिट, त्याच्या घरांतून बाहेर गेले पाहिजेत. बाहेर पाठविण्याची गति सेकंदास १० मेगाबिट असल्यास याला ८० सेकंद लागतात. पुष्कळ घरांत आंत येण्याची गति मोठी असते व बाहेर जाण्याची लहान असते. जाहिरातींत बहुधा पहिलीच सांगितलेली असते, म्हणून सूत्रधारानें दुसरी मोजून घ्यावी. तोच नकाशा दोन मेगाबाइटचा केला तर हें काम आठ सेकंदांत उरकतें.

परंतु त्या ८० सेकंदांत केवळ नकाशाचाच खोळंबा होतो असें नाहीं. सूत्रधाराचें बोलणेंहि त्याच वाटेनें जात असतें. साखर कारखान्याच्या हंगामांत ऊसाच्या गाड्यांची रांग नाक्यावर लागलेली आपण पाहतों. त्या रांगेच्या मागें एखादा सायकलवाला निरोप घेऊन आला तर त्याचा निरोप चिठ्ठीएवढाच असतो, पण रस्ता अरुंद असल्यामुळें त्याला साऱ्या गाड्या पुढें सरकेपर्यंत थांबावें लागतें. नकाशाचे तुकडे हे ऊसाच्या गाड्या, आणि आवाजाचे तुकडे हे सायकलवाले. घरोघरच्या राउटरमध्यें तुकड्यांना थांबविण्यासाठीं सांठवणीची जागा असते. ती जागा फार मोठी ठेवली म्हणजे रांगहि फार लांब होते. समजा, दहा लक्ष बाइट रांगेंत उभे आहेत आणि वाट सेकंदास १० मेगाबिटची आहे. तर रांगेच्या शेवटीं आलेल्या आवाजाच्या तुकड्यास आठ दशांश सेकंद थांबावें लागेल. या दोषास इंग्रजींत 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस या संशोधकानें २०१० च्या सुमारास त्याकडे लोकांचें लक्ष वेधलें, आणि कॅथलीन निकल्स व व्हॅन जेकबसन यांनीं २०१२ सालीं रांग आटोक्यांत ठेवण्याची 'कोडेल' नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. तिच्याच पुढच्या सुधारणेंत प्रत्येक प्रवाहाची निराळी रांग करून लहान प्रवाहाला लौकर वाट देण्याची योजना आहे. ज्यांच्या राउटरमध्यें ही सोय असेल त्यांनीं ती चालू करावी. कारण सायकलवाल्याला बाजूनें काढून देणारा शिपाई नाक्यावर नेमण्यासारखेंच तें आहे. ज्यांच्याकडे ही सोय नाहीं त्यांना साधा मार्ग मोकळा आहे. खेळाच्या अर्धा तास आधीं सर्व नकाशे एकदां उघडून घ्यावे. एकदां आलेलें चित्र ब्राउझर बहुधा जपून ठेवतो, आणि कांहीं पटांत तर पुढचें पान आधींच मागवून ठेवण्याची सोय असते. मंडळी बोलूं लागण्यापूर्वीं गाड्या नाक्यापलीकडे गेल्या म्हणजे वाट निरोपासाठीं मोकळी राहते. आणि जी मंडळी पटावरच पांचसहा चेहऱ्यांचीं चलच्चित्रें चालू ठेवतात त्यांनीं आवाज तुटूं लागतांच तीं प्रथम बंद करावींत. चेहऱ्याच्या चित्राला आवाजाच्या कित्येक पट वाट लागते.

आतां आवाजाच्या प्रकृतीकडे वळूं. नकाशाची व आवाजाची प्रकृति मुळांतच भिन्न आहे. नकाशाचा एखादा तुकडा वाटेंत हरवला तर तो पुन्हां मागवितां येतो; उशीरां आला तरी तो उपयोगीच असतो. आवाजाचें तसें नाहीं. आज इंटरनेटवरील संभाषणासाठीं 'ओपस' नांवाची जी पद्धति सर्वत्र वापरतात, ती २०१२ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली. तींत बोलणें साधारणतः २० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या, तुकड्यांत कापून पाठवितात. सेकंदास ३२ किलोबिटच्या मापानें असा प्रत्येक तुकडा अवघा ८० बाइटचा असतो. त्याचें वजन कांहींच नाहीं. परंतु त्याला वेळेचें बंधन अतिशय कडक आहे. नाटकांतील पात्राचें वाक्य पुढच्या प्रवेशांत ऐकूं आलें तर तें न आल्यासारखेंच. तसा उशीरां आलेला आवाजाचा तुकडा टाकूनच द्यावा लागतो. म्हणून आवाज पाठवितांना हरवलेला तुकडा सहसा परत मागवीत नाहींत. मागचा-पुढचा आवाज पाहून मधली भेग अंदाजानें बुजवितात. एखाददुसरी भेग कानाला कळत नाहीं. लागोपाठ पांचदहा तुकडे गेले म्हणजे मात्र शब्दच गळतो.

हें वेळेचें बंधन किती कडक आहे हें माणसांच्या बोलण्यावरूनच ठरलें आहे. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत जगांतील दहा भाषांतील संभाषणें तपासलीं गेलीं. त्यांत एकाचें बोलणें संपल्यापासून दुसऱ्याचें उत्तर सुरू होईपर्यंतचें अंतर सरासरीनें सुमारें २०० मिलिसेकंदच आढळलें. म्हणजे डोळ्याचें पातें लवण्याच्या अवकाशांत आपण एकमेकांचें बोलणें उचलून घेतों. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतहि बोलणें पलीकडे पोंचण्यास १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागूं नये, असें सांगितलें आहे. आतां प्रकाशतंतूंतून संदेश सेकंदास सुमारें दोन लक्ष किलोमीटर वेगानें जातो, आणि मुंबई ते न्यूयॉर्क हें अंतर सरळ रेषेनें सुमारें साडेबारा हजार किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईचा खेळाडू व न्यूयॉर्कचा त्याचा चुलतभाऊ एका पटावर बसले, तर ६३ मिलिसेकंद निसर्गच खाऊन टाकतो. आणि समुद्राखालील तारा सरळ रेषेनें जात नाहींत, म्हणून प्रत्यक्षांत त्याहून अधिकच लागतात. उरलेल्या थोड्या अवकाशांत यंत्रें, राउटर व रांगा या सर्वांना आपलें काम उरकावयाचें असतें. निसर्गाचा वांटा आपणांस कमी करतां येत नाहीं. पण रांगेचा वांटा, वायरलेसचा वांटा आणि कर्णयंत्राचा वांटा आपल्या हातचा आहे. राउटरपासून दोन भिंती पलीकडे बसलेल्या गड्यानें तारेनें जोडून घेतलें, तर पुष्कळ वेळां आवाजाचा अर्धा आजार तेथेंच बरा होतो. ब्लूटूथचीं कर्णयंत्रें सोईचीं असतात, परंतु तीं वेळेंत भर घालतात, आणि त्यांतीलच मायक्रोफोन वापरला तर जुन्या प्रकारांत आवाजाचा कसहि उतरतो. तारेचें साधें कर्णयंत्र या कामीं सरस ठरतें. उघडा कर्णा मात्र कोणींहि वापरूं नये. इतरांचा आवाज त्यांतून निघून पुन्हां मायक्रोफोनमध्यें शिरतो. मग यंत्र तो प्रतिध्वनि मारावयास जातें आणि त्या झटापटींत बोलणाऱ्याचेच शब्द कापले जातात.

बोलण्याच्या साधनाची रचना कशी आहे याकडेहि लक्ष द्यावें. कांहीं साधनांत प्रत्येकाचा आवाज प्रत्येकाकडे थेट जातो. सहाजण असतील तर प्रत्येकानें पांच प्रवाह पाठवावयाचे, म्हणजे एकूण तीस प्रवाह झाले. दुसऱ्या रचनेंत प्रत्येकजण एकच प्रवाह मधल्या केंद्राकडे पाठवितो आणि तें केंद्र तो इतरांस वांटतें. दोघांतिघांत पहिली रचना उत्तम. सहा-सातजणांत, आणि ज्याची बाहेर पाठविण्याची गति कमी आहे त्याच्या दृष्टीनें तर निःसंशय, दुसरी हितावह. पटांतील आवाज वारंवार तुटत असेल तर तो तेथें बंद करून, केंद्रामार्फत चालणारें स्वतंत्र साधन घ्यावें, असा सल्ला अनुभवी मंडळी देतात त्याचें एक कारण हेंच आहे.

यंत्राचें येथपर्यंत झालें. परंतु आवाजाची एक अडचण अशी आहे कीं ती यंत्र दुरुस्त करून जात नाहीं. एका खोलींत टेबलाभोवती सहाजण बसले असतां दोघे कोपऱ्यांत कुजबुजतात, तिसरा सूत्रधारास कांहीं विचारतो, आणि तरीहि कोणाचा घोटाळा होत नाहीं. कारण आपले दोन कान आवाजाची दिशा ओळखतात आणि मन हवा तो आवाज निवडून घेतें. कॉलिन चेरी या शास्त्रज्ञानें १९५३ सालीं या शक्तीचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. इंटरनेटवरील संभाषणांत मात्र सहाहि आवाज बहुधा एकाच ठिकाणाहून आल्यासारखे ऐकूं येतात. दिशा नाहीं, म्हणून निवड नाहीं, आणि दोघे एकदम बोलले कीं दोघेहि वायां जातात. अशा वेळीं शिस्त हाच उपाय. सूत्रधारानें प्रश्न हवेंत न सोडतां पात्राचें नांव घेऊन विचारावा. लढाईंत कोणामागून कोणाची पाळी हें ठरलेलेंच असतें. तोच क्रम त्यानें लढाई नसतांनाहि, एखाद्या दरबाराच्या किंवा सल्लामसलतीच्या प्रसंगीं, सैलपणें पाळावा. आपसांतल्या सूचना व थट्टा लिहून कराव्या. आणि उत्तर आलें नाहीं तर क्षणभर थांबावें. तेवढी शांतता खोलींत अवघड वाटली असती. येथें मात्र ती सौजन्याची खूण समजावी.

श्रोतेहो, या साऱ्या बारीकसारीक गोष्टींमागें एक मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठींच मीं हा विषय घेतला. नकाशा जड झाला व वाट कोंडली म्हणजे तिचा त्रास सर्वांना सारखा होत नाहीं. ज्याच्याकडे नवा संगणक व उत्तम जोडणी आहे त्याचा नकाशा तीन सेकंदांत उघडतो. जो तालुक्याच्या गांवीं मोबाइलच्या आधारानें खेळतो आणि ज्याला सेकंदास दोन मेगाबिट मिळतात, त्याला तोच २० मेगाबाइटचा नकाशा ८० सेकंद दिसत नाहीं, आणि तेवढ्या वेळांत इतरांनीं दार फोडून आंत प्रवेशहि केलेला असतो. त्याचें बोलणें उशीरां पोंचतें, म्हणून तें दुसऱ्याच्या बोलण्यावर आदळतें. दोनतीनदां असें झालें कीं तो संकोचतो. मग "मी काय म्हणत होतों" असें म्हणण्याचेंहि तो सोडून देतो. फांसे टाकण्यापुरता बोलतो. आणि एके दिवशीं येईनासा होतो. मंडळी म्हणतात, त्याला खेळांत गोडी राहिली नाहीं. वस्तुतः गोडी त्याची गेलेली नसते. त्याला बोलावयास अवकाशच उरलेला नसतो. जो खेळ बोलण्याचाच आहे त्यांत न बोलतां येणें याचा अर्थ खेळाबाहेर जाणें हाच आहे. आणि पुष्कळ वेळां हा गडी शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं दूर गेलेला आपलाच जुना मित्र असतो. आठवड्यांतून तीन तासांचा हा खेळ एवढाच त्याचा आपल्याशीं धागा असतो.

म्हणून पटाची मांडणी करतांना सूत्रधारानें माप घ्यावें तें स्वतःच्या यंत्राचें घेऊं नये. मंडळींत ज्याचें साधन सर्वांत दुबळें असेल त्याचें घ्यावें. नवा नकाशा केला कीं प्रथम त्याला उघडावयास सांगावा. तो त्याच्याकडे दहा सेकंदांत उघडला तर सर्वांकडे उघडेल. त्याच्याकडे उघडला नाहीं तर नकाशा लहान करावा. आणि लहान करूनहि भागलें नाहीं तर त्या रात्रीं नकाशा बाजूला ठेवावा. कागदावर चार रेघांची आकृति काढून पाठविली तरी लढाईचें काम भागतें. तेंहि न जमलें तर १९७४ सालची वाट मोकळीच आहे: "पुढें तीस फूट भुयार आहे, नंतर तें डावीकडे वळतें" असें म्हणावें आणि खेळाडूंस ऐकूं द्यावें. नकाशावांचून हा खेळ पूर्वीं चालला आहे व आजहि चालतो. आवाजावांचून मात्र तो एक घटकाहि चालणार नाहीं.